नदीकडचं फाटक

दामेल त्या सकाळी गवंडी शोधायला निघाली होती, एवढंच. शहरातला कोंदट फ्लॅट विकून ती डोंगरपायथ्याच्या तासबुलाक गावातल्या या घरात नुकतीच राहायला आली होती. नवरा बेर्दिबेक दूर पश्चिमेला तेलविहिरींवर पाळीला, महिना महिना येत नाही. घरात ती आणि पाच वर्षांची तोमिरिस. अंगण मोठं, मागे जर्दाळूची झाडं, समोर बर्फाचे डोंगर. सगळं मनासारखं. खटकत होतं ते एकच, नदीच्या बाजूच्या कुंपणातलं फाटक. त्याला ना कडी, ना कोयंडा. वाऱ्याने आपलं आपण उघडायचं, आपलं आपण मिटायचं.

आमच्याकडे प्रत्येक कुंपणाला असं फाटक असतं, हे तिला कोण सांगणार? विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण शहरातली माणसं विचारत नाहीत, बांधतात. डोंगरातल्या धरणाच्या खालच्या अंगाला सफरचंदाच्या बागा तोडून त्यांनी केवढे बंगले उठवले, बघा! आम्हीही त्यांना हसून चहा पाजतो. हे गावच तसं आहे. कुणाला सरकारने गाडीत कोंबून इथे आणून टाकलं, कुणी उपासमारीतून चालत आलं, कुणी सीमा ओलांडून. कुणाला नाही म्हणायची आमची रीत नाही.

गावातला गवंडी तोख्तार आला, फाटकाकडे बघितलं आणि टोपी मागे सारली. "वहिनी, भिंत बांधतो. पण फाटक राहू दे."

"का? पलीकडे कोण राहतं? नुसते धोंडे आणि रानटी भांग!"

"राहत कुणी नाही," तो म्हणाला, आणि अवजारं उचलून चालू लागला.

दामेलने मग शहरातून माणसं आणली. त्यांना काय, विटांशी मतलब. दोन दिवसांत डोक्यापेक्षा उंच भिंत उभी राहिली. फाटक सरपणात गेलं.

दुसऱ्या बाजूची शेजारीण होर्निसा-आपा ताटलीत मटण भरलेले गरम समसे घेऊन दोघींच्या मधल्या कुंपणातल्या फाटकातून सरळ आत आली. ही उइगुर म्हातारी. जीभ तिखट, हात सढळ. भिंत बघून तिने ताटली खालीच ठेवली.

"ओयबाय! हे काय करून ठेवलंस पोरी?"

"चोराचिलटांची भीती वाटते हो आपा. घरात पुरुष माणूस नाही."

"चोर? तुझ्याकडे आहे काय चोरायला? तो टीव्ही? माझ्या मुलाने दोनदा दुरुस्त केलाय, चोरसुद्धा परत आणून देईल." ती हसली, पण नजर भिंतीवरून हटली नाही. "दार ठेव गं त्यात. एवढंसं ठेव. पण ठेव."

दामेलने मान हलवली. मनात म्हणाली, म्हातारीला येण्याजाण्याची सवय, दुसरं काय.

मग जुलै आला. आमच्याकडचा जुलै म्हणजे वर बर्फ वितळतं आणि खाली माती भाजते. दुपारी कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. अशा एका दुपारी दामेल भाजी निवडत होती, तेव्हा भिंतीवर थाप पडली. पंजाची थाप, मऊ, ओली. थोड्या वेळाने आणखी एक. मग पुष्कळ.

ती पुढच्या दारातून वळसा घालून पलीकडे गेली. कुणी नव्हतं. पांढरे धोंडे, त्यांच्यावर थरथरणारं ऊन. पण नव्या गिलाव्यावर माणसांच्या हातांचे, चिखलाचे पंजे उमटले होते. ओले. थेंब गळत होते त्यांतून, आणि पंधरा दिवसांत पावसाचा टिपूस नव्हता. काही पंजे तिच्या खांद्याच्या उंचीचे होते. काही अगदी खाली, गुडघ्याजवळ. त्यांना नदीच्या तळाचा वास येत होता.

तिचं डोकं फिरलं. तशीच ती होर्निसा-आपाच्या अंगणात शिरली. "आपा, भिंत आवडली नाही तर तोंडावर सांगा. पोरं लावून चिखल कसला फासता?"

म्हातारी चिडली नाही. तिने केटली चुलीवरून उतरवली, तिला बसायला लावलं आणि हलक्या आवाजात बोलू लागली.

"पलीकडे धोंडे दिसतात ना, तिथे फार वर्षांपूर्वी गल्ली होती. जर्मन होते, कझाक होते, आमची उइगुरांची दोन घरं होती. अशीच जुलैतली दुपार. आभाळ कोरं. वर डोंगरातलं तळं फुटलं आणि डोंगर खाली आला… चिखल, धोंडे, झाडं, सगळं. लोकांना वाटलं ट्रक येतायत. समजलं तेव्हा सगळे टेकडीकडे पळाले. टेकडीची वाट तुझ्या अंगणातून, माझ्या अंगणातून. पण तुझ्या घराचा तेव्हाचा मालक… त्याची सफरचंदं चोरीला जायची म्हणून त्याने त्याच आठवड्यात फाटकाला कुलूप घातलं होतं. बायका पोरांना घेऊन तिथेच थापा मारत राहिल्या."

"आणि तो?"

"तो बाजारात होता. वाचला. त्याचं नाव आम्ही घेत नाही. तेव्हापासून या गावात फाटकाला कडी लावत नाहीत."

दामेलला ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तिने पदरातल्या लेकीचा विचार केला आणि मन घट्ट केलं. "आता वर धरण आहे आपा. मेलेल्यांसाठी मी माझं घर उघडं टाकू? मला एकच मुलगी आहे."

"त्यांनाही एकेकच होती गं," आपा म्हणाली.

त्यानंतर तोमिरिस भिंतीशी जाऊन बसू लागली. गाल विटांना लावून. "काय ऐकतेस?" म्हटलं तर म्हणायची, "बाहेर एक मावशी आहे. ती म्हणते, जरा वाट द्या." दामेलने तिला दटावलं, अंगणात जायची बंदी केली. फोनवर बेर्दिबेक हसला. "तासबुलाकची हवा लागली तुम्हा दोघींना," म्हणाला.

त्या वर्षीची सगळ्यांत तापलेली दुपार होती. तोमिरिसला आतल्या खोलीत निजवून दामेल ओसरीवर टेकली आणि तिचा डोळा लागला. जाग आली ती हाकेने.

"आई… उघड ना…"

हाक भिंतीपलीकडून येत होती. आवाज तोमिरिसचा.

"आई, दार कुठंय? पाणी येतंय…"

खोलीकडे वळून बघायची शुद्ध कुणाला असणार? दामेल धावली. पलीकडे वळसा घालून जावं तर तेवढा वेळ लेक नजरेआड, आवाजाआड. गवंड्यांनी सोडलेला घण कोपऱ्यात पडला होता. तो तिने दोन्ही हातांनी उचलला आणि घाव घातला. जिथे फाटक होतं, तिथेच. "आले गं राणी, आले!" हाताची सालटी निघाली. वीट हलली, पडली, मग दुसरी. कमरेएवढं भगदाड पडलं.

आधी वारा आला. गार, बर्फावरून आलेला. त्या उन्हात तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मग ते आत आले. दिसलं काहीच नाही. पण अंगणातलं गवत वाकत गेलं, वाकत गेलं, आपाच्या कुंपणाकडे. कुणीतरी खोकलं. एक तान्हं किरकिरलं. कुणाचा तरी ओला खांदा तिला घासून गेला आणि कानाशी कुजबुज झाली, "तुझं भलं होवो, पोरी…"

शेवटी भगदाडातून एक छोटा हात आला. दामेलने तो धरला, ओढलं आणि पोरीला छातीशी कवटाळलं. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. डोळे तेवढे दिसत होते. कुडकुडत होती बिचारी. "माझं बाळ, माझं सोनं," करत दामेल ओसरीकडे वळली.

ओसरीवर तोमिरिस उभी होती. झोपेतून उठलेली, गालावर उशीचे वळ, अंगात कोरडा झगा.

"आई, कसला आवाज झाला?"

कडेवरच्या पोरीने गळ्याभोवतीची मिठी घट्ट केली.

"मला वर ने…" ती म्हणाली.

दामेलला तिला झटकून टाकावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, कुणालाही वाटलं असतं. पण ते थरथरणं तिने ओळखलं. तापात तोमिरिस अशीच थरथरायची. तिने पोरीला सावरून घेतलं आणि आपाच्या फाटकातून पलीकडे गेली, तोमिरिस आईचा झगा धरून मागे.

होर्निसा-आपा चुलीपाशी होती. तिने एकदाच बघितलं, तोमिरिसचा हात धरून तिला घरात घेतलं आणि आतून दार लावून घेऊ लागली. "थांबू नकोस," ती म्हणाली. "चालत राहा."

अंगणामागून अंगण, फाटकामागून फाटक. एकालाही कडी नव्हती. चढावर दामेलला धाप लागली, तरी तिने पोरीला खाली उतरवलं नाही. टेकडीवर एक जुनं सफरचंदाचं झाड आहे, त्याच्या सावलीत तिला बसवलं. पोर नदीकडे तोंड करून बसली.

"इथे पाणी येत नाही हं," दामेल म्हणाली. आणखी काय बोलणार? ती परत फिरली, आणि मागे न बघता खाली आली.

आपाच्या घरात तोमिरिस सतरंजीवर बसून टरबूज खात होती. हनुवटीवरून रस ओघळत होता. दामेलने तिला मांडीवर ओढलं, केसांत तोंड खुपसलं. साबणाचा वास आला, उन्हाचा वास आला. तेव्हा कुठे तिचा बांध फुटला. आपाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "केलंस ते चांगलं केलंस," म्हणाली. "एक क्षणभरही पोर माझ्या नजरेआड झाली नाही गं. दारसुद्धा उघडलं नाही मी."

तोमिरिसने टरबुजाची फोड खाली ठेवली. आईच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या श्वासाला आता नदीच्या तळाचा वास होता. अगदी हळू तिने विचारलं,

"आई, तू मला झाडाखाली बसवून आलीस ना… मग न्यायला कधी येणार?"