मापं सांगणारी मूर्ती

ही हकीकत खरी आहे.

मी गोदामात माल मोजणारा माणूस. खोकी मोजायची, वहीत चढवायची, घरी जायचं. वाढवून सांगायची सवय मला नाही. आणि यातले आकडे तर मी सांगतच नाहीये. ते बहीण भरतेय. का, ते शेवटी कळेल.

रविवार, चौदा तारीख. दुपारचे चार. मामांच्या घरातली माडीवरची मागची खोली. खाली मामीचं शिवणाचं दुकान.

मामांना नाद तांत्रिक बौद्धांच्या जुन्या पूजावस्तूंचा. तीन धारांचा पूजेचा खंजीर, चांदीने मढवलेली कवटीची वाटी, मांडीच्या हाडाचा कर्णा, एक काळी मूर्ती... सगळं त्या खोलीत. मामी त्या खोलीला 'ह्यांचं सासर' म्हणायची. कारण आयुष्यात फक्त तिथेच मामा हळू आवाजात बोलत.

मामांच्या जिवाला घोर एकच होता. त्यांच्याकडे एक पितळी वज्र होतं. वज्र आणि घंटा ही जोडी असते, एका हातात हे, दुसऱ्या हातात ती. मामांच्या वज्राची घंटा अकरा वर्षं सापडत नव्हती.

शेवटी सापडली. दुसऱ्या एका संग्राहकाकडे. टक्कल, गोड बोलणं, आणि बोलताना नजर समोरच्याच्या कपाटावर.

"घंटा न्या की," तो म्हणाला होता. "बदल्यात ती काळी मूर्ती द्या. पण बूड न उघडलेलं पाहिजे हं."

अशा मूर्ती पोकळ असतात. आत मंत्र लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळ्या भरतात आणि तळाला तांब्याचा पत्रा ठोकून बसवतात. मग ती उघडायची नसते. मामांना ज्याने मूर्ती दिली, त्याने बजावलंही होतं, "आत जे लिहिलेलं असेल, तेच ती बोलत राहते."

मामांनी ती घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडली होती.

खरी की नकली बघायला! संग्राहकांची ही खोडच. गुंडाळ्यांचा हातातच भुगा झाला. तो त्यांनी खिडकीबाहेर फुंकला. आता मूर्ती रिकामी, टिचकी मारली की ठणठण. म्हणून मामांनी हाताला लागले ते कागद वळून आत ठासले आणि पत्रा पुन्हा सफाईने ठोकला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की मामी विसरायला लागलीय.

चाळीस वर्षं शिवण करणारी बाई. रस्त्यात गिऱ्हाईक दिसलं तर "कंबर दोन इंच सुटलीय हिची" असं लांबूनच सांगणारी. आणि आता... शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका समोर उभ्या. मामीने खांद्याला टेप लावली. "साडेपंधरा," म्हणाली. वहीकडे वळली.

आकडा गेला.

पुन्हा टेप लावली. पुन्हा गेला.

चौथ्या वेळी मुख्याध्यापिका हसायच्या थांबल्या.

तरी मामीने कोट शिवला. तो त्यांनी घातला, तर बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. माप मामांचं होतं. त्या महिन्यात जे जे कापलं, ते सगळं मामांच्या मापाचं निघालं. गिऱ्हाइकं कपडे परत आणून टाकत होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं, शब्दकोडी सोडवा.

"त्याला म्हणावं, आधी तुझी पँट कुणी शिवली ते आठव," मामी म्हणाली. पण रात्रभर जागी होती.

तर तो रविवार. मामांनी मला संग्रहाची यादी करायला बसवलं होतं. प्रत्येक वस्तूला एक सुटा कागद, त्यावर उंची, वजन, नग. बत्तीस कागद झाले होते.

चार वाजले...

आणि मामीचा आवाज आला.

"खांदा साडेपंधरा... बाही एकवीस... छाती छत्तीस..."

मला आनंद झाला. आठवलं वाटतं! धावत खाली गेलो.

मामी मशीनपाशी बसली होती. ओठांत पाच-सहा टाचण्या धरलेल्या.

तोंड बंद.

आणि वरून आवाज येतच होता...

मामीने टाचण्या काढून उशीत खोचल्या. पेन्सिल घेतली, वही घेतली, आणि मुकाट्याने जिना चढली. काळ्या मूर्तीसमोर जाऊन उभी राहिली.

"हळू सांग गं," ती म्हणाली. "मला लिहून घेऊ दे."

आवाज थांबला.

मामी पेन्सिल धरून तशीच उभी. दहा मिनिटं. वहीचं पान कोरं.

मी मामांना गाठलं. "आत काय भरलंत?"

"रद्दी."

"कसली?"

"हिच्या मापांच्या जुन्या चिठ्ठ्या. पातळ कागद, छान वळतो."

"मामा, ती मूर्ती मामीच्या आवाजात बोलतेय!"

"माहितीय. रोज चारला बोलते," मामा शांतपणे म्हणाले. "गुरुवारी तो येईल, मूर्ती जाईल, आवाज जाईल."

"आणि मामीची मापं?"

"माझं माप येतंय की तिला."

येणारच! नवऱ्याचं माप तिने कधी चिठ्ठीवर लिहिलंच नव्हतं. मी हात जोडले, भांडलो, घसा कोरडा केला. मामांचं एकच... पत्र्यावर ओरखडा आला तर घंटा गेली. अकरा वर्षं, कारकुना, अकरा वर्षं! मामी जिन्यात उभी राहून ऐकत होती.

गुरुवारी सकाळी मामा आंघोळीला गेले. मी पेचकस घेतला आणि पत्रा उचकटला.

चिठ्ठ्या निघाल्या. दुकानाचा शिक्का प्रत्येकीवर होता. खाली पेन्सिलीचा मागमूस नाही.

सगळ्या कोऱ्या...

मामा बाहेर आले, तेव्हा त्या माझ्या मांडीवर पसरलेल्या होत्या. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. घड्याळाकडे बघितलं. तासाभरात तो टक्कलवाला येणार होता. त्यांनी टेबलावरचे कागद उचलले आणि एकेक वळून आत ठासायला लागले.

"मामा, ती माझी यादी आहे!"

"पुन्हा लिही. तुला काय, चार आकडे."

मी हिसकावायला गेलो. तोवर पत्रा बसला होता.

टक्कलवाल्याने मूर्ती कानाशी धरली, टिचकी मारली, हसला. "भरलेली आहे." घंटा ठेवली आणि गेला.

शुक्रवारी मी गोदामात पहिली रांग मोजली. वहीकडे वळलो.

आकडा गेला.

सातव्यांदा मोजताना साहेब मागे येऊन उभे राहिले. आता मला दारावर बसवलंय, मोजायचं काही नसतं तिथे.

मामीला मापं परत आलेली नाहीत. दुकान बंद आहे. पण हात गप्प बसत नाहीत, म्हणून मामांना शर्ट शिवते. नऊ झाले. मामा नवा शर्ट घालून वज्र-घंटा मांडीवर घेऊन बसतात. मी अजून त्यांच्याशी बोलत नाही. टक्कलवाल्याचा फोन लागत नाही. त्याच्या घराला कुलूप आहे.

परवा बहिणीने सहज विचारलं, "तुझं वय किती रे?"

मी पाकिटातलं ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं.

आपल्यापैकी कुणी अलीकडे काळी मूर्ती घेतली असेल, तर दुपारी चारला तिच्याजवळ बसा. घोगरा आवाज आहे, थोडा वैतागलेला. खंजीर एक, वाटी एक, कर्णा एक... असं चाललेलं असेल.

तो माझा आवाज आहे.

मूर्ती उघडू नका. उघडून काय होतं, ते मी पाहिलंय. तो सांगेल ते फक्त लिहून घ्या. आणि पाठवाल तेव्हा माझ्या हातात देऊ नका...

बहिणीला द्या.