राज्य कैवल्यवर

फोन उपडे ठेवा आणि चिवडा चावणं जरा थांबवा. गच्चीवरचा दिवा राहू दे बंद. खोटं सांगून मला काय मिळणार? रणजित मला हरिभाऊकाका म्हणतो. त्याच्या तोंडून ऐकलं, तेच सांगतोय.

गेल्या वर्षीची एकवीस मे. रणजितचा बालमित्र निलय हॉस्पिटलात होता, दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, घाबरण्यासारखं काही नाही. फक्त जुनी फाइल हवी होती आणि ती राहिली खातीपुऱ्याच्या घरी. निलयची बायको स्वानंदी त्याच्यापाशी बसलेली, म्हणून रणजित निघाला. पोचेपर्यंत शर्ट घामानं पिळून काढावा असा झाला. स्वानंदी फोनवर म्हणाली, "भावोजी, दोरीवरचा यांचा निळा शर्ट घाला. परके आहात का?"

घातला. फाइल घेतली, कुलूप लावलं. सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

घरामागे मैदान आहे. आता तिथं गाड्या लावतात. कुणीतरी धुळीवर पाणी मारलं होतं, त्याचा वास आला आणि रणजितचा पाय निघेना. मेच्या सुट्टीत संध्याकाळभर इथंच डबा ऐसपैस चालायचा. तो, निलय आणि कैवल्य. तिघांचेही वडील फौजेत. पुढं आयुष्यात सगळं मिळालं त्याला, पण तसं हसू पुन्हा आलं नाही. काहीही घ्या आणि तेवढी एक संध्याकाळ परत द्या, असं वाटलं त्याला.

काय गं अमिता? मतलब लुकाछुपी? तसंच, पण मधे रिंगणात डबा. ज्याच्यावर राज्य, तो शंभर मोजतो, लपलेला दिसला की नाव घेतो आणि डब्यावर पाय आपटून 'ऐसपैस' म्हणतो. मग तो बाद. पण नाव चुकलं तर 'अंडं', पुन्हा त्याच्यावरच राज्य. म्हणून पोरं बेरकी, शर्टांची अदलाबदल करून लपायची.

सत्त्याऐंशी साली या दोघांनी तेच केलं. दहा वर्षांचा कैवल्य चारदा फसला. 'अंडं' म्हणून रणजितच ओरडला आणि त्यानंच डबा भिरकावला, कॅन्टीनच्या दूध पावडरीचा, मैदानालगतच्या रेल्वेरुळांपलीकडे. कैवल्य रडत आणायला गेला. तेवढ्यात आयांच्या हाका आल्या. हे दोघं जेवायला पळाले. खेळ संपला, असं कुणी म्हणालंच नाही.

कैवल्य रुळांवर सापडला. डबा नाही सापडला.

तर रणजित तिथं उभा. आणि गाड्यांमधून आवाज आला.

"दहा... वीस... तीस..."

पोराचा आवाज. रडून बसलेला.

अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, काय करावं त्यानं? गाडीआड उकिडवा बसला. लपला. जुनी सवय.

"नव्वद... शंभर."

मग काहीच नाही.

पावलं. अनवाणी. जवळ आली... थांबली.

रणजितनं मान खाली घातली. दिसत होती ती फक्त पाठ. निळा शर्ट.

"निलय..."

एकच शब्द म्हणायचा होता. अंडं. पण म्हटला असता, तर त्यानं पुन्हा बघितलं असतं. या वेळी तोंडाकडं.

रणजित गप्प राहिला.

"...ऐसपैस."

टण्ण.

खिशात फोन वाजला. स्वानंदी. नुसती रडत होती.

सात त्रेपन्न.

...

रणजित बदली मागून नाशिकला गेला. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, खेळात आता मीच उरलोय. रोज संध्याकाळी आकडे ऐकू येतात." मग म्हणाला, "तुमचा एखादा जुना शर्ट पाठवाल का?"

लहानपणापासून बघितलेलं पोर, तिघंही माझ्या अंगणात खेळलेले. नाही कसं म्हणू? चौकड्यांचा होता एक, पाठवला. कशाला हवाय, ते तेव्हा डोक्यात आलं नाही.

आज पहाटे दूध घ्यायला मी दार उघडलं. उंबऱ्यासमोर खडूचं रिंगण होतं. मधे कॅन्टीनच्या दूध पावडरीचा जुना डबा. गंजलेला, आणि वरून रेल्वेचं चाक गेल्यासारखा एका बाजूनं चपटा.