भट्टीवरची चव

तांब्याच्या अवाढव्य हंड्यातून दोन पाय तेवढे बाहेर आले होते. बूट चिखलाने माखलेले, आणि आतून कुणीतरी शीळ घालत होतं.

देसांकाला वाटलं, हा आपला चुलतभाऊच. तिने हातातली लाकडी पळी हंड्यावर दाणकन हाणली.

शीळ थांबली. पाय झाडले गेले. मग एक काळंकुट्ट तोंड वर आलं... आणि ते चुलतभावाचं नव्हतं.

"पाहुण्याला असंच उठवता का तुम्ही?" कानात बोट घालून हलवत तो म्हणाला.

"आमच्याकडे पाहुणे दारातून येतात. हंड्यातून नाही!"

"कल्हईवाल्याला दुसरं दार कुठलं, बाई?"

तिला हसू आवरेना. आणि हसताना तिच्या लक्षात आलं, की त्या काळ्या तोंडातले डोळे फार स्वच्छ आहेत.

तो तिहोमिर. उझित्से शहरातला तांबट. त्या काळी पिंपांतले आलुबुखार आंबून तयार झाले, की खोऱ्यातल्या गावोगावच्या भट्ट्या पेटायच्या, आणि त्याआधी हंडे डागायला, कल्हई करायला तांबट यायचे. त्या वर्षी म्हाताऱ्या तांबटाचे गुडघे धरले, म्हणून त्याने पुतण्याला धाडलं. पहिली भट्टी लागेपर्यंत त्याने थांबायचं, हंड्यांचे सांधे गळतात का ते बघायचं आणि मग पुढच्या गावाला जायचं, असं ठरलेलं.

भट्टी देसांकाच्या बापाची, रादिसावची. पण भट्टीवरचा शब्द देसांकाचा. नळीतून उतरणारी आलुबुखाराची दारू, रकिया, ती चिमुकल्या पेल्यात धरायची, पेला हलवायची, वर उठणारी बुडबुड्यांची माळ निरखायची आणि एक घोट घ्यायची. "अजून कडक आहे," म्हणायची, नाहीतर "पुरे, आता पाणीच येतंय." बाविशीच्या त्या पोरीच्या जिभेवर सगळं गाव विसंबून होतं.

आणि गावाचा एक पक्का समज होता – भट्टीवरची चव म्हणजे पिणं नव्हे. लग्नात पितात ते पिणं, मयताला पितात ते पिणं. चव हे काम. प्यायलेल्या बाईचं नाव गावात चारचौघांत निघायचं. देसांकाचं कधीच निघालं नाही. दिवसभर घोट घेतले तरी तिलाही कधी वाटलं नाही, की आपण प्यायलो.

भट्टी लागली त्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता. पत्र्यावर त्याची कुजबुज, खाली लाकडांचा तडतडाट, आणि आंबूस गोड वास सगळीकडे भरलेला.

"किती घोट झाले?" तिहोमिरने हळूच विचारलं.

"मोजायचे नसतात. काम आहे ते."

"मग मलाही लावा की कामाला!"

"तुझी जीभ तांब्याची. तुला काय कळणार?"

"शिकवलं तर कळेल..."

तिने आपलाच पेला त्याच्यापुढे केला. पेला घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली. तिनेही ती रेंगाळू दिली. दुपारी तो आईबद्दल काहीतरी सांगत होता. ती ऐकत होती, की नुसती त्याच्या ओठांकडे बघत होती? दिवस कलला तसं तिने त्याची बाही ओढली.

"गवताच्या माळ्यावर चल. तिथून पाऊस छान ऐकू येतो."

शिडी. ओल्या गवताचा वास. त्याचा चेहरा अगदी जवळ, आणि तो काहीतरी विचारतोय...

पुढे काही नाही.

सकाळी ती जागी झाली ती कोसारा आत्याच्या खाटेवर. पायांत बूट नाहीत. कोटाच्या गुंड्या एकेक घर चुकवून लावलेल्या. आत्या घरात नव्हती.

देसांका तशीच अनवाणी उठून उभी राहिली. बसली. पुन्हा उठली. आपल्या अंगाकडे बघायलाही तिला भीती वाटत होती.

भट्टीवर गेली तर माणसं नेहमीसारखी बोलत होती. तिने प्रत्येकाचे डोळे तपासले – कुणी हसतंय का? कुणी नजर चुकवतंय का?

"तांबट कुठाय?" शक्य तितक्या सहज आवाजात तिने विचारलं.

"गिरणीवर. तिथलं घंगाळ झालं, की निघणार म्हणे," बाप म्हणाला. "का गं?"

"काही नाही."

ती विहिरीकडे गेली, तिथून गोठ्यात, गोठ्यातून परत विहिरीवर. तिहोमिर तिला हवा होता, ते खोटं नव्हतं. मग ही धडधड कसली? तिच्या आयुष्यातली एक संध्याकाळ दुसऱ्याच कुणाकडे होती, आणि ती तिला विचारून घ्यावी लागणार होती. त्याने हसून काही भलतंच सांगितलं तर? तेच खरं धरायचं?

"सापडलीस एकदाची!" दुधाच्या बादल्या घेऊन कोसारा आत्या समोर उभी. तिचा चेहरा बघूनच आत्याने बादल्या खाली ठेवल्या. "वेडे, काही झालेलं नाही. त्याने आणून सोडलं तुला माझ्या दारात. बाहीला धरून, तापलं भांडं चिमट्यात धरावं तसं! आणि तू? तू त्याच्या पूर्वजांचा उद्धार करत होतीस."

"बूट?"

"मी काढले."

"गुंड्या?"

"तूच लावल्यास. मला हात लावू देशील तर ना!"

देसांका विहिरीच्या कठड्यावर मटकन बसली. हसू आलं, रडू आलं, आणि मग रागच आला.

"म्हणजे मी त्याला नको होते."

आत्या शेजारी टेकली. आत्याच्या लग्नाची गोष्ट गावात सगळे चवीने सांगायचे – कापणीच्या जेवणातून ती आणि मिलिसाव गुपचूप पळाले, दुसऱ्या दिवशी लग्न ठरलं, केवढं प्रेम!

"मी हो म्हणाले होते म्हणे," आत्या म्हणाली. "तो सांगतो तसं. मला आठवतो तो एकदम सकाळचा कोंबडा. पुढे मीही तेच सांगायला लागले... सोपं पडतं. माणूस वाईट नाही गं तो. पण त्याने सकाळपर्यंत थांबायला हवं होतं."

तिने बादल्या उचलल्या. "खाटेखाली बूट आहेत, ते घाल. पाय गारठतील."

देसांकाने बूट घातले आणि गिरणीची वाट धरली. अर्ध्या वाटेवर ती पळत होती.

तिहोमिर गिरणीच्या पायऱ्यांवर घंगाळ गुडघ्यांत धरून घासत होता. तिला बघून तो उठला आणि पायऱ्या सोडून दोन पावलं मागे सरकला.

"मारायला आलीस?"

"काल मी काय म्हणाले? सगळं सांग."

"सगळं? मग बस जरा." त्याने मान खाली घातली. "म्हणालीस, मी हो म्हणतेय, वाट कसली बघतोस? मी विचारलं, दुपारी मी आईबद्दल काय सांगितलं? तू म्हणालीस, तुला आई आहे?"

"अरे देवा!"

"मी म्हटलं, तू प्यायलीयस. झालं! मी पुरुषच नाही, तांब्याचा गडू आहे, माझे काकाही गडू..."

"भट्टीवरची चव म्हणजे पिणं नव्हे," सवयीने ती बोलून गेली.

"हे पोटाला कुणी सांगितलंय का?"

ती खळखळून हसली, आणि मग पायरीवर बसली. खाली गिरणीचं पाणी घोंगावत होतं.

"मी आवडत नाही का तुला?"

"देसांका, मीही चार घोट घेतले होते. तुला हो म्हणायची शुद्ध नव्हती, आणि मला... मला ते हो फार हवं होतं. घाबरलो मी स्वतःला. म्हणून बाही धरली. हात नाही धरला. रात्रभर वाटत होतं, सकाळी तिला काही आठवणार नाही. किंवा आठवेल, आणि ती तोंडही बघणार नाही."

"मला शिडीपर्यंतच आठवतं."

"मग आता विचारू?"

"विचार."

"सकाळपासून काय घेतलंस?"

"पाणीसुद्धा नाही. आधी विचार तरी!"

तो विचारायला लागला, पण शब्दच फुटेनात – काल शिडीवर धीटपणे विचारणारा तो, आज उजेडात कानापर्यंत लाल झाला. देसांका त्याच्याकडे बघत राहिली. त्याला अजिबात घाई नव्हती. तिला जे म्हणायचं होतं ते तिने आधी मनात नीट म्हणून पाहिलं.

"हात – हो," ती म्हणाली. "बाकीचं मी सांगेन. माझं मी, आणि तेव्हा."

त्याने तळवा विजारीला पुसला. पुन्हा पुसला. काळा तो काळाच राहिला. मग त्याने तो नुसता पुढे धरला आणि उभा राहिला. घ्यायचा तो तिनेच घ्यावा म्हणून.

तिने घेतला. आणि भर सकाळी, सगळ्या गावादेखत, ती त्याला आपल्या घराकडे घेऊन निघाली.