आजोबाच्या पलीकडून आलेला

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. ही माझ्या सख्ख्या भावाची गोष्ट आहे. आणि ती अजून संपलेली नाही.

गेल्या ऑगस्टमधली शनिवारची संध्याकाळ.

गावामागच्या डोंगराला आम्ही आजोबा म्हणतो. अलीकडची उतरण बोलिव्हियाची, पलीकडची चिलीची. झरे मात्र सगळे पलीकडे. त्या आठवड्यात आमच्या कळपातला एक लामा तहानेनं डोंगराची धार ओलांडून गेला आणि त्याच्यामागे माझा भाऊ एलॉय.

तिकडे हद्दीवर लष्करानं पुरलेले जुने सुरुंग आहेत. एक फुटला. लामा गेला. एलॉयला खरचटलंही नाही.

पण घरी परतला तो नुसता देह. बोलेना, खाईना. उघड्या डोळ्यांनी पडून राहिला.

"घाबरून याचा जीव तिकडेच राहिलाय," गावातले जाणते लुसियोकाका आईला म्हणाले. "याची टोपी घेऊन धारेवर जा. नावानं हाक मार. आईच्याच हाकेला येतो तो. येताना मागं बघायचं नाही. उशीर केलास तर पोरगं हातचं जाईल."

त्याच शनिवारी संध्याकाळी आई आणि मी धारेवरच्या सीमेच्या लोखंडी खांबापाशी पोचलो. खाली तिकडच्या पोलिसांची गाडी उभी होती.

"नाव नको घ्यायला," आई कुजबुजली. "हद्द ओलांडून कोण आलं होतं ते कळेल त्यांना. धरून नेतील."

"अगं, पण काका म्हणाले..."

"मला शिकवू नकोस. माझी हाक ओळखेल तो."

तिनं टोपी पुढे धरली. "लेका, ये... घरी चल, लेका..."

वारा पडला. लामांच्या घंटाही थांबल्या.

मग... पलीकडे खडी सरकली.

कुणीतरी वर चढत होतं. जिथे कुणी पाऊल टाकत नाही, तिथून.

आम्ही वळलो. घरापर्यंत मागून पावलं वाजत होती... अनवाणी पावलं.

टोपी घालताच एलॉय उठून बसला. दोन वाट्या सूप प्यायला. आईला रडू आवरेना.

मग त्यानं घरभर पाहिलं...

"माझी आई कुठंय?"

"ही काय मी, समोर!"

"तुम्ही नाही. माझी आई."

लुसियोकाकांनी कपाळावर हात मारला. "नुसतं लेका म्हणालीस? अगं बाई, त्या डोंगरात कितीजणींचे लेक पडलेत!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धारेकडून आवाज आला...

"सेवे... ए सेवे..."

मी सेवेरिना. सेवे म्हणून मला फक्त एलॉय चिडवतो.

मी धावत घरी आले. "आई, ऊठ! या वेळी नाव घे. ऐकू दे ज्याला ऐकायचंय त्याला!"

आईनं शाल गुंडाळली. दारापर्यंत गेली.

"आई..." कोपऱ्यातून तो म्हणाला. "वर नको ना जाऊस. तिकडं फार थंडी आहे."

तिला त्यानं पहिल्यांदाच आई म्हटलं होतं.

आई उंबऱ्यावरच बसली. धड आत नाही, धड बाहेर नाही.

मी एकटी वर जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडले. कुणीही आलं नाही.

आजही दुपारी हाक आली. मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून त्याच्यासाठी बटाटे सोलत होती.