रीगामधलं बारावं ठिकाण

आम्ही बौद्ध, नागपूरचे. भूतखेत, अंगात येणं, उतारे यातलं काहीही माझ्या आईने घरात शिरू दिलं नाही. मेलेलं माणूस परत येत नाही, हे मला तिनेच शिकवलं.

म्हणूनच हे लिहायला मला चार महिने लागले.

पण हे घडलं आहे. दुसऱ्या कोणाच्या नाही, माझ्या बाबतीत.

जागा रीगा, लॅटव्हियाची राजधानी. तारीख ११ डिसेंबर, गुरुवार. रात्र नव्हती, दुपारचे पावणेचार वाजले होते. पण तिकडे डिसेंबरात पावणेचारला रस्त्यावरचे दिवे लागतात आणि साडेचारला मिट्ट काळोख होतो.

आधी थोडं मागचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि तेच सांगायची मला लाज वाटते.

माझं नाव धम्मशीला. नवरा सम्यक, मुलगी ईशिता. आम्ही विलायतेत हाउन्सलोला राहतो, विमानतळाला लागून, विमानांच्या अगदी खाली. ईशिता आठ महिन्यांची असताना मी कामावर परत गेले आणि तिला सांभाळायला नागपूरहून आईला बोलावून घेतलं. सहा महिन्यांसाठी. सिंधुबाई तिचं नाव. तीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळली, आता माझी सांभाळायला आली.

सहा महिन्यांत तिने एकच गोष्ट मागितली.

"रोज एवढी विमानं पाहाते मी. एखाद्यात बसून कुठं जाता येईल का वं?"

फ्रान्सच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेना. लॅटव्हियाची मिळाली. व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाला इथून अर्ज करता येईल का, तेही विचारून घेतलं होतं. मी रीगाची आयटिनररी बनवली, जुन्या शहरातली बारा ठिकाणं, आणि फ्रिजवर लावली. आईने प्रत्येक नावापुढे देवनागरीत उच्चार लिहिला. दुपारी ईशिताला मांडीवर झोपवून ती फोनवर रीगाचे व्हिडिओ बघायची. मी घरी आले की सांगायची, "त्या मांजरीच्या घरापासून डावीकडे वळलं की चर्च येते." न गेलेलं शहर तिला पाठ झालं होतं.

अपॉइंटमेंट मंगळवारी होती. त्याच दिवशी माझं ऑफिसात प्रेझेंटेशन होतं. सम्यक टूरवर. आईला व्हिसा सेंटरला न्यायचं, तर ईशिताला कोण बघणार? तिला बघायलाच तर आईला आणलं होतं.

मी अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

आणि पंधरा दिवसांनी आईला सांगितलं, व्हिसा नाकारला.

 ती म्हणाली, "कारण काय लिहिलं?"

मी नेटवर शोधून ठेवलं होतं. म्हटलं, "प्रवासाचं कारण पटलं नाही, असं लिहिलंय."

"फिरायले जातो म्हटलं आपण. यात न पटण्यासारखं काय आहे?"

मी लॅपटॉप उघडला आणि काम आहे म्हणाले.

आई नागपूरला गेली. शेजारीपाजारी, बहिणी, सगळ्यांना तिने सांगितलं, मले नाकारलं. दहा महिन्यांनी ती गेली. झोपेत, हार्ट. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. सम्यकलाही नाही. पाप पोटात ठेवलं की माणूस त्याच्यावर जेवूसुद्धा शकतो, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या सप्टेंबरात सम्यक म्हणाला, चल, डिसेंबरात कुठेतरी जाऊ, तू फार उदास असतेस. पुन्हा फ्रान्सची अपॉइंटमेंट मिळेना. पुन्हा लॅटव्हियाची मिळाली. मी जुनी फाइल उघडली, तारखा बदलल्या आणि आईचं नाव डिलीट केलं.

एका ठिकाणी राहिलं.

ऑडिओ टूरच्या साइटवर माझं जुनं लॉगिन होतं. 'मागचेच प्रवासी' असा पर्याय आला आणि मी न वाचता टिक केलं.

पहिली खूण मी ओळखलीच नाही.

गुरुवारी सकाळी हॉटेलच्या खिडकीवर आतून वाफ धरली होती. त्या वाफेत चार गोल ठसे होते. एका ओळीत. बोटं टेकवल्यासारखे.

मला वाटलं, ईशिताचे असतील.

पण ठसे माझ्या खांद्याच्या उंचीवर होते...

दुपारी आम्ही जुन्या शहरात पोचलो, तेव्हा ईशिता थंडीने रडायला लागली.

"शीला, इट्स फ्रीझिंग, हिचे हात बघ," सम्यक म्हणाला. "मी हिला हॉटेलवर नेतो. तू कर तुझी टूर, बुक केलीच आहेस."

मी एकटीच ऑडिओ टूरच्या टपरीवर गेले. काचेमागे एक तरुण मुलगी होती. तिने गळ्यात अडकवायची दोन यंत्रं पुढे केली. आपल्या जुन्या मोबाइलएवढी, वर आकड्यांची बटणं. ठिकाणावर जायचं, आकडा दाबायचा आणि ऐकायचं.

"मला एकच हवंय," मी म्हणाले.

तिने स्क्रीनवर पाहिलं. "बुकिंग दोघींचं आहे." आणि अडखळत दुसरं नाव वाचलं. "सिन-धु-बाई?"

माझ्या तोंडून नाही म्हणवेना. दुसरं यंत्र मी बॅगेत टाकलं.

पहिलं ठिकाण, टाउन हॉलचा चौक. एक दाबलं. इंग्रजीत एक पुरुष बोलायला लागला, कोणी बांधलं, कधी जळलं, पुन्हा कधी बांधलं. दुसरं ठिकाण, उंच मनोऱ्याचं चर्च. तेही ठीक.

तिसऱ्या ठिकाणी मी तीन दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही.

पुन्हा दाबलं. शांतता.

मग आवाज आला... बॅगेतून.

विमानाचा आवाज. डोक्यावरून खूप खालून जाणाऱ्या विमानाचा. तो संपला, तोच दुसरा सुरू झाला.

मी वर पाहिलं. रीगाच्या आकाशात काहीही नव्हतं.

विमानांच्या मध्ये वाटीत चमचा फिरत होता. स्टीलच्या वाटीत. नाचणीची खीर गार करताना फिरवतात तसा. आणि एक बाळ कुरकुरत होतं.

तो आमच्या हाउन्सलोच्या स्वयंपाकघरातला दुपारचा आवाज होता. मी तो कधीच ऐकला नव्हता, कारण दुपारी मी घरी नसायचे. तरी मला तो ओळखू आला.

मी यंत्र बाहेर काढलं. स्क्रीन काळी होती.

तेव्हाच परत फिरायला हवं होतं. कोणीही मला हेच विचारेल, परत का नाही आलीस? काय सांगू? त्या आवाजात आई होती. ती बोलली नव्हती, पण होती. ती गेल्यापासून मी तिच्या जुन्या व्हॉइस नोट्स ऐकायचं धाडस केलं नव्हतं. आणि एकच गोष्ट मला हवी होती. तिला माझं खोटं कळलं होतं का, एवढंच.

मी चौथ्या ठिकाणी गेले. दुसऱ्या यंत्रावर चार दाबलं.

श्वास. फक्त श्वास, जिना चढून आल्यासारखा.

पाचव्या ठिकाणाजवळ एक बंद दुकान होतं. काचेवर बाहेरून दव गोठलं होतं. त्यात चार ठसे होते. एका ओळीत. सकाळच्यापेक्षा उलट बाजूला कललेले.

दुसऱ्या हाताचे...

सहाव्या ठिकाणी कोणीतरी खाकरलं. सातव्या ठिकाणी, ज्याच्या छतावर शेपटी वर केलेलं काळं मांजर आहे त्या घरासमोर, आई बोलली.

"हे पाह्य, मांजरीचं घर. व्यापाऱ्याले राग आला म्हणून त्यानं मांजरीची शेपूट दुसऱ्यांकडे केली म्हणतात. व्हिडिओत दिसते त्याहून लहानच आहे नं?"

आवाज शांत होता. टूर घडवत होती ती मला.

मग म्हणाली, "तू सहाले येते म्हटलं होतं. साडेआठ झाले. पोरीले ताप आहे."

 ती संध्याकाळ मला आठवत होती. मी ऑफिसच्या लोकांबरोबर पबमध्ये होते.

माझ्या बाजूने माणसं जात होती, एक जोडपं सेल्फी काढत होतं. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

आठ. "या तीन घरांले तीन भाऊ म्हणतात. एकमेकांले टेकून उभे आहेत." आणि मग, "आज दिवसभर कोणाशी बोलली नाही मी. पोरगी बोलत नाही अजून."

नऊ. "हा जुना दरवाजा." एक विमान गेलं. "तुमच्या दाराचं लॉक मले उघडत नाही वं. म्हणून बाहेर नाही गेली."

ती सहा महिने त्या घराबाहेर पडली नव्हती, हे मला तिथे कळलं. रीगात. मेल्यावर. मी रोज सकाळी दार ओढून घ्यायचे आणि विचारायचे, पार्कमध्ये जाऊन आलीस का? ती म्हणायची, जाऊन आली.

म्हणजे खोटं तीही बोलायची. फक्त तिचं माझ्यासाठी होतं.

दहाव्या ठिकाणी नुसती विमानं. एकामागून एक.

अकरावं ठिकाण एक छोटी बाग आहे, नदीकडे जायच्या वाटेवर. साडेचार वाजून गेले होते. पूर्ण काळोख. बाकावर बर्फ होता, पण एका बाजूला माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती.

मी उभीच राहिले. अकरा दाबलं.

"बस नं," आई म्हणाली.

मी बसले नाही.

"तुमच्याकडे यायच्या व्हिसासाठी गेली होती, तेव्हा माझे ठसे घेतले होते त्यायनं. आधी या हाताची चार बोटं. मग या हाताची चार. मग दोन अंगठे जोडून..."

 सकाळची खिडकी. दुकानाची काच. चार आणि चार. ऑक्टोबरात मी स्वतः त्याच क्रमाने ठसे देऊन आले होते.

"तू म्हटलं, नाकारलं. पण माझे ठसे तर कोणी मागितलेच नाहीत."

विमान गेलं.

"तेव्हाच समजलं मले. त्याच दिवशी."

आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता.

"बारा नंबरले चल आता. तिथं तुले एक सांगायचं आहे."

मी यंत्र बाकावर टाकलं आणि पळाले.

हो, पळाले. माझी आई, जिला मी सहा महिने कोंडून ठेवलं, खोटं बोलून परत पाठवलं, तिला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी तेही ऐकून घेतलं नाही.

टपरीवर पोचले तेव्हा धाप लागली होती. मी माझं यंत्र पुढे केलं आणि म्हणाले, "दुसरं हरवलं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "नाही, ते आलंय."

तिच्यासमोर ते यंत्र होतं. ओलं.

"तुमच्याबरोबरच्या बाईंनी आणून दिलं. आत्ताच, तुमच्या आधी दोन मिनिटं."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. बाहेर या काचेपाशी उभ्या होत्या, तुमची वाट बघत असतील असं वाटलं." तिने यंत्रावरचा आकडा पाहिला. "तुम्ही दोघींनीही बारावं ऐकलं नाहीत. नदीकाठचं. सगळ्यात छान तेच आहे."

मी काचेकडे पाहिलं.

दोन ठसे होते. शेजारी शेजारी. अंगठ्यांचे.

त्या रात्री मी सम्यकला सगळं सांगितलं. आवाजाचं नाही, खोट्याचं.  तो एवढंच म्हणाला, "मी त्यांना फोनवर सॉरी म्हणालो होतो गं. नेक्स्ट टाइम नक्की जाऊ म्हणून." नागपूरला माझा भाऊ जगदीश, त्यालाही फोन करून सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला. अजून उचलत नाही.

मला बारावं ऐकायचं आहे. ती माफ करणार होती की शाप देणार होती, काहीही असो, ऐकायचं आहे. आधीचा व्हिसा त्या पाच दिवसांपुरताच होता. म्हणून फेब्रुवारीत मी पुन्हा अर्ज केला. एकटीचा. सगळे कागद जोडले, पगाराच्या स्लिपा, परतीचं तिकीट, हॉटेल. प्रवासाचं कारण, पर्यटन.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर उभी राहून मी ते फोडलं.

नाकारला.

त्या फॉर्मवर कारणांची यादी असते आणि एका चौकोनात खूण करतात. खूण होती ती प्रवासाचं सांगितलेलं कारण विश्वासार्ह वाटत नाही, या कारणापुढे.

सम्यकने कागद दोनदा वाचला.

"फिरायला जातेय म्हटलंस तू," तो म्हणाला. "यात न पटण्यासारखं काय आहे?"

मी लॅपटॉप उघडला आणि काम आहे म्हणाले.

यातल्या कशाचं काय कारण, मला सांगता येणार नाही. दुपारी मी आता घरून काम करते. विमानं जातात. स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरली की मी तिकडे बघत नाही, फडक्याने पुसून टाकते.

तुमच्यापैकी कोणी रीगाला जाणार असेल, तर एक काम करा. नदीकाठी जा, बारा दाबा, आणि काय ऐकू आलं ते मला कळवा.

नुसतं इंग्रजीत निघालं, तरी कळवा.