स्वच्छ काचनळी

दत्ताराम परबचं पत्र नंदकिशोरांच्या खणात सात महिने पडून होतं. उत्तर गेलं नव्हतं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंग कारखान्यात दत्ताराम ऑपरेटर होता. तिथलं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी अतिनील दिव्याजवळून जातं, जंतू मरतात. दिव्यावरच्या काचनळीवर आठवड्यात क्षारांचं पांढरं पुट चढतं, दिव्याचा उजेड मोजणाऱ्या मीटरचा आकडा उतरतो, मग ऑपरेटरने नळी पुसायची. दत्तारामच्या वहीत आकडा कधी उतरलाच नाही. खोट्या नोंदी म्हणून त्याला काढलं.

‘साहेब, मी खोटा माणूस नाय. नळी मी पुसलीच नाय, ती आपोआप पुसली जाते. तुम्ही शिकलेले. एकदा बघून दोन ओळी लिवा, नोकरी परत मिळेल.’

नंदकिशोर तिथले जुने सल्लागार. पत्र वाचून त्यांना हसू आलं होतं. कामचुकार माणूस, भुताच्या नावावर खपवतोय! आणि उत्तर लिहायचं तर आपण कोण मोठे लागून गेलो? चार पुस्तकं वाचलेला भित्रा म्हातारा.

मग मॅनेजर सुबोधचा फोन आला. “काका, नवीन ऑपरेटरपण तसाच निघाला. आकडा खाली येतच नाही. सगळे चोर आहेत यार.”

नंदकिशोर सोमवारी भर दुपारी गेले. या वेळी मात्र नळीवर पुट होतं. मीटर बासष्ट दाखवत होता, स्वच्छ नळीला तो नव्वदच्या वर हवा. कोणी पुसायचं नाही असं बजावून त्यांनी झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली.

सुबोध खो खो हसला. “तुमची सही बघून भूत पळणार काय?”

“पळू दे,” ते पुटपुटले.

पुढच्या सोमवारी मीटर एक्क्याण्णव.

पट्टी जशीच्या तशी होती. सही अखंड.

सुबोधने पट्टी फाडली, दिवा बंद केला, झाकण उघडलं. नळी लखलखत होती. फक्त टोकाशी थोडं पुट उरलं होतं आणि त्यात चार बोटांचे फराटे होते.

पाणी संथ वाहत होतं.

सुबोधने खिशातला रुमाल काढून फराटे पुसून टाकले. “काही नव्हतं. कळलं ना काका? आणि त्या दत्तारामला काही कळवायचं नाही.”

नंदकिशोरांनी त्याच्याकडे पाहिलं. सात महिने जी तुच्छता त्यांनी दत्तारामवर उधळली होती, ती सगळी आता या ओल्या रुमालावर आली. थोडी स्वतःवरही.

घरी जाऊन त्यांनी लिहिलं: ‘तुमच्या नोंदी खऱ्या आहेत. मी स्वतः पट्टी लावून पाहिलं. हे पत्र हवं त्याला दाखवा.’ खाली पूर्ण नाव, पत्ता, सही.

पत्र पेटीत टाकायला हात उचलला तेव्हा त्यांना ते दिसलं. उजव्या हाताच्या चार बोटांची टोकं लालभडक झाली होती, कातडी सोलून निघत होती. त्या दिव्यापाशी उघडा हात फार वेळ राहिला की असंच होतं; त्यांनी तर झाकणाच्या आत हात घातलाच नव्हता.

अंगठा तेवढा कोरा होता.

त्यांनी पत्र पेटीत सोडलं.