दार लावलं की विझतो

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की दादामियाँ माणसात येतो. येरवड्याच्या नाक्यावर गिझर दुरुस्त करण्यात त्याचे केस पिकले. दिवसभर तो पोरांवर खेकसतो आणि रात्री स्वतःच्या हातानं चहा ओतून गोष्ट सांगतो. बहुतेक गोष्टी थापा असतात. हे त्याला माहीत असतं, दुकानातल्या कादर आणि संपत या पोरांनाही माहीत असतं. तरी दोघं बसतात, कारण घरी जाऊन करायचं काय, बापाचं तोंड बघायचं?

ही गोष्ट सांगताना मात्र म्हातारा हसत नाही.

"रहीमची सांगतो. माझ्या साडूचा पोरगा. खोटं वाटलं तर वाघोलीला जाऊन विचारा. दार उघडलं तर."

"चाचा, भूत आहे ना यात?" कादर म्हणाला.

"आधी गिझर आहे. गप बस."

गेल्या जानेवारीतली, भोगीची आदली रात्र. आठवडाभर आभाळ भरलेलं होतं. गच्च्यांवरचे सोलर गारठले होते आणि सगळ्या पुण्याला एकदम आपापल्या जुन्या गॅस गिझरची आठवण झाली होती. रहीमचा फोन सकाळपासून थांबत नव्हता. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून त्यानं पाना हातात घेतला होता, आणि कॉलेजात चार सर मिळून जे शिकवू शकले नाहीत ते त्याला चार गळक्या नळांनी शिकवलं होतं. वाघोलीचं काम त्यानं शेवटी ठेवलं. फोनवर बाईचा आवाज होता, दबका.

"गिझर विझतोय. आजच या. उद्या भोगी हाय."

भोगीला पहाटे तीळ लावून डोक्यावरून न्हायचं, त्यात घरात नवी सून असली तर विचारूच नका. रहीमनं हो म्हटलं.

बंगला तीन मजली. मालक सर्जेराव, सगळे अण्णा म्हणायचे. जमीन बिल्डरला गेली होती, ऐट मात्र अण्णांनी स्वतःकडे ठेवून घेतली होती.

"बूट भाईर काढ," ते सोफ्यावरूनच म्हणाले. "आन लवकर आटप. मागचा मिस्तरी दोन तास बसला न् नुस्ता चहा पिऊन गेला."

"मी चहा पीत नाही."

"मग काम तरी येतं का?"

कोपऱ्यात त्यांची बायको तुळजाबाई उद्याच्या भाजीसाठी पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. मुलगा मच्छिंद्र ट्रक घेऊन नगरला गेला होता. रहीमला वर घेऊन गेली ती सून, शकू. फोनवरचा आवाज तिचाच होता.

"नक्की काय होतं, ताई?"

"दार उघडं असलं की चालतो. दार लावलं की विझतो."

रहीम हसला. "गिझरला दार कळत नाही."

"मला बी तसंच वाटायचं," शकू म्हणाली.

बाथरूम चकाचक होतं, आतला दिवा तेवढा गेलेला. गिझर आतच, कोपऱ्यातल्या भिंतीवर. सिलेंडर बाहेर पॅसेजमध्ये. रहीमनं सेल बदलले, पाण्याची जाळी साफ केली, रेग्युलेटर तपासला. नळ सोडला. टक-टक-टक… भप्प. निळी ज्योत. पाणी वाफाळायला लागलं. बराच वेळ चालू ठेवलं, काही झालं नाही.

मग त्यानं बाहेर येऊन दार नुसतं ओढून घेतलं. भप्प. आत अंधार. दार उघडून नळ परत सोडला. टक-टक-टक, चालू. दार लावलं, बंद.

हवेची भानगड, त्याच्या मनात आलं. त्यानं वर बघितलं. बाथरूमला झरोका असतोच. इथं झरोक्याच्या जागी टाइल्स होत्या, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या फुलांच्या.

"हा कुणी बुजवला?"

शकूनं नुसती हनुवटी खालच्या दिशेला केली.

तो जिना उतरला. अण्णांना विचारण्यात आडपडदा ठेवायचं त्याला काही कारण दिसलं नाही.

"भावानं शेजारी चार मजले चढवले," अण्णा म्हणाले. "त्याच्या ग्यालरीतनं थेट आत दिसायचं. घरात लेकीसुना हायेत. बुजवला."

"अण्णा, बंद बाथरूममध्ये गॅस जळला की विषारी हवा होते. तिला वास नसतो. माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. आधी कुणाला चक्कर वगैरे आली होती?"

शेंगा सोलणारे हात थांबले.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "मच्छिंद्रची पहिली बायको हुती, कुंदा. तिला फिट यायची. म्हायेरच्यांनी लपवून पोरगी गळ्यात मारली."

"फिट त्या बाथरूममध्येच आली?"

"तू मिस्तरी हायेस का फौजदार?"

रहीमला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. सून दिसू नये म्हणून झरोका बुजवला, आणि सून मेल्यावर तो उघडला नाही. उघडला असता तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. या वयाची माणसं चूक कबूल करत नाहीत. सून बदलतात.

तो परत वर आला तेव्हा त्याचं ठरलं होतं. गिझर उतरवायचा. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. आतली हवा संपायला वेळ लागतो, आणि हा तर दार टेकलं की विझत होता. हवा कमी झाल्यावर आपोआप बंद व्हायची सोय या जुन्या गिझरला नव्हतीच.

मग विझवत काय होतं?

"एकदाच बघतो," तो शकूला म्हणाला. "मी हाक मारली की दार ढकला."

तो आत गेला. नळ सोडला. टक-टक-टक… भप्प. त्यानं मोबाइलचा टॉर्च गिझरवर धरला आणि पाठीनं दार लावून घेतलं.

ज्योत जळत होती.

पाणी पडत होतं.

गिझरच्या पोटावर काळा नॉब. त्यावरची पांढरी रेघ 'चालू'वर.

रेघ हलली.

रहीमनं डोळे मिचकावले. टॉर्च जवळ नेला.

नॉब फिरत होता… हळू. बोटांच्या चिमटीत धरून फिरवावा तसा. मध्येच अडला. तो जुना होता, जरा घट्ट होता… मग जोर लावल्यासारखा झटक्यानं फिरला.

भप्प.

नळाचं पाणी गार झालं. आणि रहीमच्या मानेमागे, जिथं फक्त दार होतं… कुणीतरी श्वास सोडला. दमल्यासारखा.

हाक मारायचं त्याला सुचलंच नाही. तो दार ओढून बाहेर पडला आणि पॅसेजच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

"दिसलं?" शकूनं विचारलं.

"…रोज?"

"रोज. मी गार पाणी घेते न् येते."

"भीती नाही वाटत?"

"वाटायची. मग इचार केला, मला मारायचंच असतं तर तिनं विझवलं कशाला असतं?"

"घरी सांगितलं नाही?"

"घरी कुणाला?"

रहीमनं पाना काढला आणि पाइपाच्या नटाला लावला. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. अण्णा. मागून तुळजाबाई.

"काय चाललंय?"

"उतरवतोय. झरोका फोडा, गिझर बाहेरच्या भिंतीवर लावा. मग मी फुकट बसवून देतो."

"हात लावू नकोस! उद्या तिची पयली भोगी. न्हायली न्हाय तर भावकीत तोंड दाखवाय जागा राहील का?"

"भावकी न्हायला येणार आहे का आत?" रहीम म्हणाला.

"अण्णा, मी चुलीवर पाणी तापवून…" शकूनं सुरुवात केली.

"तू गप! वीस लाखाचं बाथरूम करून सून चुलीवर पाणी तापवती, आँ?" अण्णांनी दांडीवरचा टॉवेल ओढला. "तुमच्यासारखी पोरं चार पुस्तकं वाचत्यात न् बापाला अक्कल शिकवत्यात. आता मीच अंगुळ करून दावतो. बघा काय हुतंय."

रहीम आडवा झाला. अण्णांनी त्याला कोपरानं ढकललं आणि ते आत शिरले. कडी लागली.

टक-टक-टक… भप्प.

पॅसेजमध्ये तिघं उभी. शकू, रहीम, दोन पायऱ्या खाली तुळजाबाई. तिघंही विझायची वाट बघत होती.

पाण्याचा आवाज येत होता. बादली भरत होती. दाराखालच्या फटीत निळा उजेड.

"विझंना," शकू कुजबुजली.

"बघ रं मिस्तरी!" आतून अण्णा. "झालं का काय? आँ?"

विझला नाही. वाफ फटीतून बाहेर यायला लागली. अण्णांच्या तांब्याचा आवाज… मग अंतरानं… मग आणखी अंतरानं.

"अण्णा, बास. बाहेर या."

आत नुसतं पाणी वाजत होतं.

"अण्णा!"

तांब्या पडल्याचा आवाज. तो घरंगळत गेला. थांबला.

रहीम सिलेंडरवर झेपावला. कॉक बंद केला. रेग्युलेटरच उपटून बाजूला टाकला. आता गॅस नव्हता. पाइप त्याच्या हातात मोकळा होता.

फटीत निळा उजेड तसाच.

त्यानं दाराला खांदा दिला. सागवान. पुन्हा दिला. शकूनं दिला. दार ढिम्म. आत ज्योत शांतपणे फुरफुरत होती, कुठल्याही गॅसशिवाय.

तुळजाबाई पायऱ्या चढून आली. तिनं रहीमला हातानं बाजूला केलं आणि दारावर तळवा ठेवला.

"कुंदा…"

आत फुरफुर.

"डाक्टरनं ग्यास म्हणूनच सांगितलं हुतं. आमी फिट म्हणालो. मला ठावं हुतं पोरी… मी बी तेच बोलले. तुझ्या आईच्या तोंडावर बोलले." तिनं कपाळ दाराला टेकवलं. "सोड गं त्याला."

काही नाही.

मग… भप्प.

फट काळी झाली. रहीमनं खांदा मारला आणि या वेळी कडी खिळ्यांसकट निघाली. अण्णा उघडे, बादलीवर कलंडलेले, ओठ लालबुंद. दोघांनी काखेत धरून त्यांना गच्चीवर ओढत नेलं. थंडीत ठेवलं. थोड्या वेळानं ते ओकले आणि त्यांनी मोठा श्वास घेतला.

जगले. म्हातारे जगतातच. हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं, काय झालं? अण्णा म्हणाले, फिट आली. शेजारी उभी असलेली तुळजाबाई म्हणाली, "फिट न्हाय. ग्यास. आन पयल्या सुनेला बी ग्यासच." सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली.

शकू हॉस्पिटलात गेलीच नाही. तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि झरोक्याच्या टाइल्स फोडल्या. रहीम गिझर उतरवत होता. तोवर तांबडं फुटायला आलं होतं, भोकातून आलेला वारा बोचत होता. तिनं अंगणात तीन विटांवर पाणी तापत ठेवलं, आणि न्हाण्याआधी चुरा धुऊन काढावा म्हणून खराटा घेऊन आत गेली.

"मिस्तरी," तिनं हाक मारली. "हिकडं या."

सगळी फरशी ओली होती. अण्णांची बादली सांडलेली, वाफेचं पाणी भिंतींवरून ओघळलेलं. फक्त भिंतीच्या कोपऱ्यात एवढीशी जागा कोरडी होती. ठणठणीत कोरडी. गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीला टेकून एखादी बाई बसली, तर तिला लागेल एवढी.

शकूनं बादलीभर पाणी त्या बाजूला ओतलं.

पाणी कोपऱ्यापर्यंत गेलं… थांबलं… आणि दोन वाटा करून, त्या जागेला वळसा घालून, मोरीकडे निघून गेलं.